बंद दाराचे देणे

‘‘सर, पुट्टी बंदळु!’’

शेजारच्या अक्कांची ही हाक जिन्यातून आली तेव्हा मी जेवायला बसलो होतो. हातातला घास तसाच ताटात टाकून उठलो. पितृपक्षाचे दिवस होते. सकाळीच गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवताना सौ. म्हणाली होती, ‘‘गेलेल्यांना हाका मारून बोलावतो आपण, आणि घरातली गेली ती कुठं आहे एवढंसुद्धा ठाऊक नाही.’’

सहा रात्री बाहेर काढून आमचे मांजर परत आले होते. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर ती मागचा एक पाय अंगाखाली न घेता, तिरकी होऊन टेकली होती. मी उचलायला गेलो तर फिसकारली आणि माझ्या मनगटावर नखे ओढून गेली. चार वर्षे माझ्या उशाशी झोपलेली ही. तिने मला ओळखले नाही असे नव्हे. दुखऱ्या जागी हात लागला होता. पण त्या क्षणी मला तिची भीती वाटली. माझ्याच घरातल्या, माझ्याच हातचे दूध-भात खाल्लेल्या जिवाची भीती. ती भीती पुढे बरेच दिवस घरात वावरत राहिली, आणि तिच्यापाठोपाठ काही प्रश्नही आले. त्या प्रश्नांविषयी हे लिहिणे आहे.

पुट्टी आमच्याकडे आली ती २०१९ च्या पावसाळ्यात. त्या ऑगस्टात बेळगावात पाऊस कसा कोसळला ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. टिळकवाडीतल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, गाड्या लावतात तिथे, पाण्यातून एक मुठीएवढे पिल्लू अक्कांनी उचलून आणले. अक्का शिवमोग्ग्याकडच्या. त्यांच्या घरी मांजर चालण्यासारखे नव्हते, म्हणून पिल्लू आमच्याकडे आले आणि नाव तेवढे त्यांनी दिले. पुट्टी म्हणजे धाकटी, चिमुरडी पोर. सात महिन्यांची झाल्यावर तिची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यानंतर तिला उंबरा ओलांडू दिला नाही. खाली रस्ता, रस्त्यावर कुत्री, दुकानाच्या मागे उंदरांसाठी टाकलेले विष. बाहेर नको, हा निर्णय आम्ही तिच्या भल्यासाठी घेतला होता. तिला विचारले नव्हते; विचारणार तरी कसे?

२०२३ च्या अनंत चतुर्दशीला घरच्या गणपतीबरोबर आम्ही सगळे खाली उतरलो. मिरवणुका कपिलेश्वर तलावाकडे निघाल्या होत्या, ढोल आणि फटाके यांनी भिंती हादरत होत्या. दार कुणी उघडे टाकले यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. परत आलो तेव्हा पाटावर अक्षता होत्या आणि पुट्टी नव्हती.

सहा दिवस शोधले. पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जाणाऱ्यांनी एक निवृत्त मास्तर झुडपात वाकून ‘पुट्टी, पुट्टी’ अशा हाका मारताना पाहिला आणि डोक्याविषयी शंका घेतली असेल. डेपो हे नाव आपण सहज घेतो. एके काळी तिथे देवीची लस तयार होत असे, आणि ती लस त्या काळी वासरांच्या कातडीवर वाढवत. झुडपे धुंडाळताना हे मला आठवले आणि मग डोक्यातून जाईना. आपल्या अंगावर देवीचे व्रण नाहीत याचे देणे कुठल्या गोठ्यातल्या वासराला लागते, याचा हिशेब कधी कुणी मांडला आहे काय?

परत आलेल्या पुट्टीला आधी न्हाणीघरात वेगळे ठेवले. मी मनगट साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटे धुतले. कुत्र्या-मांजराचा दात किंवा नख लागले तर पहिले औषध हेच. हळद नव्हे, चुना नव्हे, तिखट तर मुळीच नव्हे. रक्त आले नव्हते, तरी ओरखडा होता. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन दंडात लस टोचून घेतली. आमच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, आणि त्या चौदा सुयांच्या धाकाने किती तरी लोक कुत्रे चावल्याचे लपवून ठेवत. ती जुनी लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनायची. २००५ पर्यंत ती आपल्या देशातून हद्दपार झाली. आताची लस दंडात, चार-पाच वेळा, ठरलेल्या दिवशी. भिण्यासारखे तिच्यात काही नाही. भ्यायचे ते रोगाला, कारण त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्यकाच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

पुट्टीला ताप होता. अंग भट्टीसारखे तापलेले. सौ. माणसाची तापाची गोळी कुटून दुधातून द्यायला निघाली होती. तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरांचा फोन लागला आणि ते अक्षरशः ओरडले. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आपल्याला बरे करते ते तिला मारते, ही गोष्ट तेव्हा नुसती माहिती म्हणून ऐकली. पुढे कळले की, तिच्याविषयीच्या आमच्या बहुतेक समजुती याच जातीच्या होत्या.

डॉक्टरांनी आधी हिरड्या पाहिल्या. विष घातलेला उंदीर मांजराने खाल्ला, तर काही विषांचा परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो. रक्त गोठेनासे होते, हिरड्या पांढुरक्या पडतात. तिच्या गुलाबी होत्या. मग मांडीवरचे केस कापले. केसांखाली दोन बारीक भोके, वरून बुजलेली, आत पू. मांजरांच्या भांडणात असेच होते म्हणाले. दात सुईसारखे, त्यामुळे जखम वरून दिसत नाही आणि आत चिघळते. त्यांनी पू काढला, जखम धुतली, इंजेक्शन दिले, पिसवा आणि जंतांचे औषध दिले. दोन विषाणू मांजराच्या चाव्यातून किंवा लाळेतून दुसऱ्या मांजराला लागतात. एक प्रतिकारशक्ती पोखरतो, दुसरा रक्ताचा कर्करोग घडवू शकतो. माणसाला यांतला एकही लागत नाही. पण त्यांची तपासणी लगेच करून पूर्ण उपयोग नाही, दोन महिन्यांनी पुन्हा या, असे त्यांनी सांगितले. हे सगळे मी वहीत लिहून घेत होतो. मास्तराची सवय.

मग त्यांनी विचारले, ‘‘कार्ड आणलंय?’’

कार्ड म्हणजे लसीचे कार्ड. ते कपाटाच्या खणात विजेच्या बिलांखाली सापडले. पिल्लूपणीच्या मात्रांचे शिक्के होते. त्यानंतरच्या वर्षाचाही एक होता. पुढची घरे कोरी.

मी म्हणालो, ‘‘घरातच असते ती. बाहेर जात नाही, म्हणून...’’

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. सुईत औषध भरता भरता ते म्हणाले, ‘‘सर, दार लावलं म्हणून रोग थांबत नाही. तुम्ही तर बाहेर जाता ना?’’

त्या पावसाळ्यात आमच्या तळमजल्यावरची तीन पिल्ले उलट्या आणि जुलाब होऊन दोन दिवसांत गेली होती. मांजरांचा पार्वो, असे डॉक्टरांनी लक्षणांवरून सांगितले. त्याचा विषाणू जमिनीवर वर्षभरसुद्धा तग धरतो आणि चपलांच्या तळव्यांवरून घरात येतो. आम्ही त्याच जागेवरून रोज ये-जा करत होतो. याचा अर्थ असा की, पुट्टी बाहेर जाण्याच्या कितीतरी आधी बाहेर तिच्याकडे येऊन गेले होते. ती वाचली ती लहानपणीच्या लसीमुळे, माझ्या दारामुळे नव्हे.

माझ्या चुकीचे नाव मला त्या दवाखान्यात सापडले. मी दार लावले आणि तेवढ्यावर कर्तव्य संपले असे मानले. वास्तविक दार लावणे हे कर्तव्याचे पहिले वाक्य होते, मी ते शेवटचे समजलो. जो जीव बाहेर हिंडतो त्याचे बरेवाईट काही अंशी त्याचे स्वतःचे असते. ज्याला मी कोंडले त्याचे बरेवाईट सर्वांशाने माझे. सुरक्षिततेच्या बदल्यात मी तिचे सगळे जग काढून घेतले होते आणि ती सुरक्षितता द्यायचीच विसरलो होतो. व्यवहारात याला एक साधा शब्द आहे. तो मी इथे लिहीत नाही, पण त्या दिवशी तो मला लागू होता.

घरी वेगळाच प्रश्न वाट पाहत होता. सूनबाईंना पाचवा महिना होता. कुणीतरी सांगितले की, बाहेर जाऊन आलेले मांजर गरोदर बाईच्या घरात असू नये. बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला अपाय होतो. हे सांगणे खोटे नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. उंदीर किंवा कच्चे मांस खाऊन तो मांजराच्या पोटात जातो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर गर्भाला धोका असतो. पण अर्धेच सांगितलेले खरे फार घात करते. मांजर हे बीज टाकते ते सहसा पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे. टाकलेले बीज लागण करण्याजोगे व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मातीचे भांडे दररोज आणि गरोदर बाईखेरीज दुसऱ्या कुणी साफ केले, तर धोका फारच कमी होतो. उलट न धुतलेली भाजी, अर्धे शिजलेले मांस आणि बागेतली माती यांतूनही माणसाला ही लागण होते. आपण भाजीवाल्याला हाकलून देत नाही. भाजी धुऊन घेतो.

सूनबाई मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाली, ‘‘बाबा, मला तिची भीती वाटते. आणि भीती वाटते याची लाजही वाटते.’’ मी तिला म्हटले, लाज वाटायचे कारण नाही. तुझ्या पोटात तुझे पिल्लू आहे. पुट्टीला विचारले असते तर तिनेही हेच सांगितले असते.

लाजेचे कारण दुसरीकडे होते. रविवारी माझे मेहुणे आले. सज्जन माणूस, आमच्या अडीअडचणीला पहिला धावणारा. सगळे ऐकून ते म्हणाले, ‘‘दाजी, घरात बाळ येणार, आणि तुम्ही कसला धोका घेताय? पोत्यात घालायचं आणि देसूरच्या पलीकडं सोडून यायचं. ते काय, कुठंही जगतं.’’

ते काय, कुठंही जगतं. तीस वर्षे मराठीचे व्याकरण शिकवलेल्या माणसाच्या कानात ते ‘ते’ रुतून बसले. मराठीत हे जनावर तिन्ही लिंगांत फिरते. तो बोका, ती भाटी, ते मांजर. घरात आम्ही सगळे ‘ती’ म्हणत होतो. तिला सोडून द्यायचा विचार ज्या क्षणी तोंडातून निघाला, त्या क्षणी ती ‘ते’ झाली. आणि मग मला अक्कांची जिन्यातली हाक नव्याने ऐकू आली. कानडीत जनावर नपुंसकलिंगीच. बेक्कु आले तर ‘बंतु’ म्हणायचे. अक्का म्हणाल्या होत्या ‘बंदळु’. लेक घरी आली की म्हणतात तसे. त्यांनी ते ठरवून केले नसणार. पण दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कधी कधी एका भाषेतली गोष्ट दुसऱ्या भाषेने दाखवावी लागते. एखाद्याला टाकायचे असेल तर आधी त्याचे सर्वनाम बदलावे लागते, हे मला अक्कांच्या कानडीने शिकवले.

पोत्याचा मात्र मला स्वतःचा अनुभव आहे. तो मी इतकी वर्षे कुणाला सांगितलेला नाही. खानापूरच्या आमच्या जुन्या घरात मांजर असे, पण ते घरातले की बाहेरचे हा प्रश्नच कुणाला पडत नसे. ओसरी, माळा, धान्याची कणगी, परसू, शेजाऱ्यांचे कौल, सगळे तिचे. तिच्यासाठी कुणी दार लावत नसे, कारण दार तिच्या उपयोगाचेच नव्हते. मी दहा वर्षांचा असताना ती मांजरी आजारी पडली. अंगावरचे केस गेले, लाळ गळू लागली. घरात पाळण्यातली धाकटी बहीण. वडिलांनी मला आणि गड्याला पोते दिले. सायकलच्या कॅरिअरवर पोते बांधून आम्ही मलप्रभेच्या पलीकडे गेलो. वाटभर ती ओरडत होती. पलीकडे गेल्यावर मी गाठ सोडली. ती पळाली नाही. उघड्या पोत्यात तशीच बसून राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. गडी म्हणाला, ‘‘चला धाकलं मालक.’’ आम्ही पोते तिथेच टाकून निघालो. मागे वळून बघायचे नाही असे आईने बजावले होते, नाहीतर मांजर वास काढत परत येते म्हणून. मी वळून पाहिले नाही. ती परत आली नाही. आई मात्र त्यानंतर कित्येक रात्री परसदारी बशीत दूध ठेवत असे आणि सकाळी ती बशी न बोलता विसळून टाकत असे.

वडील निर्दय नव्हते. पाळण्यात पोर होते आणि त्या काळी गावात जनावरांचा डॉक्टर म्हणजे बैलांचा डॉक्टर. त्यांना जे कळले ते त्यांनी केले. पण आज मला भीती आणि काळजी यांतला फरक विचारला तर मी ते पोते पुढे करीन. भीती विचारते, हा धोका माझ्यापासून दूर कसा जाईल? काळजी विचारते, आता काय केले पाहिजे? भीतीचे उत्तर एकच असते, ते म्हणजे पोते. काळजीची उत्तरे बारीकसारीक आणि कंटाळवाणी असतात. मातीचे भांडे रोज सकाळी साफ करणे, हात धुणे, भाजी धुणे, तारखा पाळणे. भीतीला माहिती नको असते, कारण माहिती मिळाली की पोत्याची गरज उरत नाही. वडिलांपाशी माहिती नव्हती. माझ्यापाशी होती. त्यामुळे मी पोते उचलले असते तर माझे पाप त्यांच्यापेक्षा मोठे ठरले असते.

आम्ही ठरवले ते असे. सूनबाईंच्या डॉक्टरांनी रक्ताची तपासणी करून घेतली आणि घाबरायचे कारण नाही म्हणून सांगितले. पुट्टीचा मुक्काम माझ्या खोलीत. भांडे साफ करणे माझ्याकडे, हातमोजे घालून, रोज सकाळी सहाला. मेहुण्यांनी ही व्यवस्था मान हलवून ऐकली आणि पुढच्या वेळी येताना तिच्यासाठी सुके मासे घेऊन आले. माणसे अशीच असतात. आपण एकदा ‘ती’ म्हणून ठाम राहिलो की हळूहळू तीही ‘ती’ म्हणू लागतात.

आता दहा दिवसांविषयी. ओरखडणारे किंवा चावणारे मांजर त्यानंतर दहा दिवस डोळ्यांसमोर निरोगी राहिले, तर त्या घटकेला त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे धरतात. आम्ही दिनदर्शिकेवर दहा खुणा केल्या. रोज संध्याकाळी मुलगा कामावरून आला की पहिला प्रश्न, ‘‘बाबा, खाल्लं का तिनं?’’ दहाव्या दिवशी ती मजेत होती, जखम भरत होती. सौ.ने शिरा केला. घरावरचे मळभ गेले.

रात्री मी दिवा घालवला आणि तेव्हा लक्षात आले की, हे दहा दिवस आमच्यासाठी होते. तिला बाहेर चावलेला प्राणी कोणता होता कुणास ठाऊक. तो रेबीजचा असलाच, तर तिच्या अंगात रोग उमटायला कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लागतात. लस दिली होती, पण उशिरा. आमचा धोका संपला होता, तिचा नव्हता. आणि आम्ही शिरा खाल्ला होता. माणसाच्या करुणेची मुदत बहुधा एवढीच असते, स्वतःचा धोका संपेपर्यंत. दहा दिवस तिच्या ताटलीवर चार जणांचे डोळे होते. अकराव्या दिवशी दोघांचे, महिन्याभराने एकाचे. दोन महिन्यांनी तिची दुसरी तपासणी करायला नेले तेव्हा रिक्षात मी एकटाच होतो. ती निर्दोष निघाली. त्या दिवशी घरी शिरा झाला नाही. याची तक्रार नाही. नोंद तेवढी केली.

यातून एक मोठा प्रश्न उरतो, आणि तो सुटला असे मी म्हणणार नाही. मुळात दार लावण्याचा अधिकार मला कुणी दिला?

लीळाचरित्रात चक्रधरस्वामींची एक गोष्ट आहे. पारध्यांनी उठवलेला ससा धावत येऊन स्वामींच्या गुडघ्याखाली लपतो. पारधी येतात, ससा मागतात. हा शरण आला आहे, म्हणून स्वामी तो देत नाहीत. बोलणे होते आणि पारधी निघून जातात. शाळेत ही गोष्ट मी किती वर्षे शिकवली, आणि दरवेळी शरणागताच्या रक्षणापाशी थांबलो. पुढचा भाग त्याहून मोलाचा आहे. धोका टळताच स्वामी गुडघा उचलतात आणि सशाला, थोरामोठ्यांना हाक मारावी तशी हाक मारून, आता जायला सांगतात. रक्षण केले म्हणून ससा त्यांचा झाला नाही. आणि त्याला त्यांनी ‘ते’ म्हटले नाही.

श्रीवैष्णवांच्या परंपरेत शरणागतीचे दोन दृष्टांत आहेत. वडकलै म्हणतात, भक्ताने माकडिणीच्या पोरासारखे आईला घट्ट धरावे. तेंकलै म्हणतात, भक्त मांजरीच्या पिल्लासारखा असतो. त्याने काही करायचे नाही, मांजरी त्याला मानेला धरून नेते. हा मार्जारन्याय आपल्याकडे कीर्तनातही ऐकू येतो. पण मांजरी पिल्लाला असे नेते ते किती दिवस? त्याला आपले आपण चालता येईपर्यंत. काही आठवड्यांत ती त्याला सोडते, आणि तरीही तोंडात शिरू लागले तर पंजा मारते. तिचे उचलणे जितके प्रेमाचे तितकेच तिचे सोडणे.

स्वामींनी गुडघा उचलला, मांजरीने मान सोडली. माझे दार मात्र चार वर्षे लागलेलेच होते. मी स्वतःला असे सांगतो की, माझे पारधी जात नाहीत. रस्ता जात नाही, विष जात नाही, तळमजल्यावरचा विषाणू जात नाही. तिने बाहेर मारलेल्या चिमण्या आणि बुलबुल यांचाही जीव आहेच, आणि तिच्यापासून दुसऱ्याच्या मांजराला काही लागले तर ते पातकही मोकळेपणाच्या नावावर खपवता येत नाही. हे सगळे खरे आहे. पण कोंडणाऱ्याची कारणे नेहमीच खरी असतात. आपण मुलींना दाराआड ठेवले तेव्हाही बाहेरचे पारधी खरेच होते. कारण खरे असले म्हणजे दार निर्दोष ठरत नाही.

म्हणून मी एवढ्यापाशी येऊन थांबलो आहे. दार लावायचे असेल तर ते कर्ज घेतल्यासारखे लावावे. त्याचे हप्ते असतात. लसीच्या तारखा, वर्षातून एकदा तपासणी, चढायला जागा, ऊन, आणि रोज तिच्याशी खेळायला एक माणूस. हप्ता चुकला की दार म्हणजे तुरुंग होतो. आम्ही गॅलरीला खालपासून वरपर्यंत जाळी ठोकून घेतली. तिथे फळ्या लावल्या. आता ती सकाळी वरच्या फळीवर बसून समोरच्या नारळावरच्या खारी बघते आणि शेपटीचे टोक हलवते. हे पुरेसे आहे का? तिला पुरेसे आहे असे मी म्हणालो तर पुन्हा तिच्या वतीने बोललो.

फेब्रुवारीत नात झाली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा भाकरतुकडा ओवाळायला अक्का शेजारच्या हक्काने पुढे होत्या. बाळाचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, ‘‘पुट्टी बंदळु!’’ माझ्या खोलीच्या दाराआडून आमच्या थोरल्या पुट्टीने लगेच ओ दिली. सगळे हसले. सूनबाई सर्वांत जास्त हसली.

लसीचे कार्ड आता विजेच्या बिलांखाली नसते. ते दिनदर्शिकेच्या खिळ्याला टांगलेले आहे. घरात शिरताना आम्ही चपला बाहेर काढतो, आणि तळवे पुसून मगच आत घेतो. संध्याकाळी मी फिरून आलो की पुट्टी त्या चपलांपाशी येते आणि बराच वेळ वास घेत राहते. व्हॅक्सिन डेपोची माती, रस्त्याचा डांबर, दुसऱ्या कुणा मांजराची वाट, काय काय तिला त्यात वाचता येत असेल. मी शेजारी उभा राहतो. तिचे वाचून होईपर्यंत चपला उचलत नाही.